डावीकडची चौकट

पहिलंच सांगून टाकतो, हे मी लिहिलेलं नाही. मी बोलतोय आणि नलिनीताई लिहून घेतायत. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला गाठलं, म्हणाले, "गणपतराव, तुम्ही बेंगळुरातल्या लोकांची मतं गोळा करत दारोदार हिंडलात. दिवाळी अंकाला चार पानं द्या." मी म्हटलं, कोरी चालणार असतील तर आत्ता घ्या. ते हसले. त्यांना वाटलं, विनोद केला.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. दुसरीत बसलो आणि उठलो, मधे पास होणं वगैरे काही घडलं नाही. मास्तर धडा म्हणायला लावायचे तेव्हा मी खडाखडा म्हणायचो, एक शब्द चुकायचा नाही. एकदा ते बाकाजवळ आले आणि बघतात तर माझं पुस्तक उलटं. बाकीच्या पोरांचं ऐकून ऐकून पाठ केलेलं. त्या दिवशी शाळेनं मला सोडलं. मी शाळा सोडली असं आई सगळ्यांना सांगायची, तेवढाच घराण्याचा मान.

आमचं घराणं इथलंच हो. पणजोबांचे पणजोबा कुठल्याशा फौजेबरोबर आले म्हणे. फौज परत गेली, हे जेवायला बसले होते, ते राहून गेले. त्यामुळं घरात मराठी, गल्लीत कन्नड, शेजारी दख्खनी, आणि गाडी चालवायला लागल्यावर तमिळ, तेलुगू आपोआप. पाच भाषा बोलतो, वाचत एकही नाही. कुणावर अन्याय नको.

नव्वदच्या दशकात नवनवीन कंपन्या येत होत्या आणि प्रत्येकीला एकच काळजी, लोकांना काय वाटतं. साबण कसा वाटतो, सरकार कसं वाटतं, बायकांनी नोकरी केलेली कशी वाटते. हे विचारून आणणारी एक संस्था मल्लेश्वरममध्ये होती, कॉफीपूड विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली कॉफी भाजायचे, वर मतं. मी त्या संस्थेच्या व्हॅनवर ड्रायव्हर होतो. फॉर्म भरणाऱ्या पोरापोरींना सकाळी सोडायचं, दुपारी गोळा करायचं, एवढंच माझं काम.

एकदा एका वस्तीत नागपूरहून आलेल्या एका पोराच्या तोंडावर बाईनं दार लावलं. तो तिच्याशी इंग्रजीत बोलत होता. मी व्हॅनमधून उतरलो, तमिळमध्ये म्हटलं, "अक्का, या पोराला ऊन लागलंय, पाणी तरी द्या." दार उघडलं. पाणी आलं, मागून मतं पण आली. आमचे दीक्षित साहेब, पुण्याचे, ते बघत होते. म्हणाले, "गणपतराव, उद्यापासून तुम्हीही फॉर्म भरायचे."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मला वाचता येत नाही, चारच शब्द. पण साहेबांनी सगळ्यांसमोर 'राव' लावून हाक मारली होती. मी ते चारही शब्द गिळले.

हे गुपित एकट्या नलिनीताईंना कळलं, पहिल्याच दिवशी. त्यांचे मिस्टर सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आणि पोरं शाळेत गेली की ताई फॉर्म भरायला यायच्या. मी फॉर्म हातात धरून गंभीर चेहरा करून बसलो होतो. त्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, सरळ धरा." मग रोज सकाळी व्हॅनमध्ये त्या वाचायच्या आणि मी ऐकायचो. दोनदा ऐकलं की तीस-पस्तीस प्रश्न पाठ. प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकटी असायच्या. डावीकडची पहिली 'खूप', मग 'थोडं', मधली 'सांगता येत नाही', मग 'फारसं नाही' आणि उजवीकडे शेवटची 'अजिबात नाही'. वाचायचं काय त्यात? डावीकडं होकार, उजवीकडं नकार. मी खूण करायचो आणि माझी खूण अशी झोकात असायची की ताई म्हणायच्या, एखाद्या डॉक्टरची वाटते.

आता धंदा सांगतो. दारोदार जायचं म्हणजे वाटेल त्या दारी नाही. एका देवळापासून किंवा बस स्टॉपपासून सुरुवात करायची आणि उजवा हात भिंतीला लावल्यासारखं चालायचं. चार घरं सोडायची, पाचवं घ्यायचं. पाचव्या घरात कुत्रा असला तरी तेच घ्यायचं. मला तीनदा चावला. तिन्ही वेळा मी फॉर्म पुरा केला, एकदा तर कुत्र्याच्या मालकानं मत देता देता हळद लावली. दुसरा नियम, माणूस बोलत असताना मान हलवायची नाही, नाहीतर तो तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देतो. हा नियम मला जन्मात जमला नाही. माझी मान वाऱ्यावर हलते.

आणि लोक? सरकारचं काम कसं वाटतं, असं विचारलं की मी आधी अंगणातल्या नळाकडे बघायचो. सकाळी पाणी आलं असेल तर सरकार चांगलं, नसेल तर देशाचं वाटोळं. कंपन्या चांगल्या की वाईट? पोराला घेतलं तर चांगल्या. जे. पी. नगरात एक रिटायर झालेले आजोबा होते, मला दोन तास बसवून म्हणाले, सगळे पुढारी चोर, एकजात चोर. मी उजवीकडच्या चौकटीकडे हात नेला तर म्हणतात, "थांबा. आमच्या वॉर्डातला मात्र चांगला आहे हो. लग्नाला येऊन गेला." एका घरी सुनेला विचारलं, एकत्र कुटुंब पसंत आहे का? सासू शेजारी. सून म्हणाली, "खूप." सासू कॉफी आणायला आत गेली तशी ती पोरगी माझ्या बाहीला धरून म्हणते, "अण्णा, ती खूण दुसऱ्या टोकाला करा ना, लवकर." केली. कॉफी घेऊन सासू आली आणि म्हणाली, "आता मला विचारा." तिलाही तेच पाहिजे होतं, दुसरं टोक.

भरलेल्या फॉर्मांची तपासणी व्हायची. दहातल्या एका घरी साहेब स्वतः जाऊन विचारायचे, आमचा माणूस खरंच आला होता का? बाकीची पोरं येऊन गेलेली लोकांना कधी कधी आठवायचंच नाही. माझं नाव घ्यायची गरज नसायची. "तो बडबड्या ना? पाणी पिऊन गेला, माझ्या सासऱ्याची नक्कल करून गेला." तपासणीत माझे फॉर्म शंभर नंबरी. साहेब नव्या पोरांना सांगायचे, गणपतरावांसारखं काम करा. मी व्हॅनच्या आरशात स्वतःला बघून भांग पाडायचो.

आणि अशा वेळी ते काम आलं.

शहराबाहेर मारतहळ्ळीच्या पुढं तेव्हा नाचणीची शेतं होती. तिथं एका मोठ्या कंपनीनं कारखाना घातला होता, परदेशी भागीदार असलेला. कारखान्याच्या मागं जुनी वस्ती. वस्तीतून मोठ्या रस्त्यावरच्या बस स्टॉपला जायला पायवाट, ती कंपनीच्या मोकळ्या जागेतून जायची. कंपनीला तिथं भिंत घालायची होती. पण गावाशी भांडण नको, म्हणून आधी लोकांचं मत मागवलं. कंपनीमुळं भलं झालं का, कंपनीवर विश्वास आहे का, असे बरेच प्रश्न, आणि त्यात खरा एकच: वाट बंद झाली तर त्रास होईल का?

त्या आठवड्यात नलिनीताई भाचीच्या लग्नाला पुण्याला. मी साहेबांना विचारलं, "फॉर्म नेहमीचाच ना?" साहेब म्हणाले, "नेहमीचाच. नमुना कंपनीकडून आलाय, प्रश्न फक्त वेगळे." मी खाली कॉफीच्या दुकानदाराकडे गेलो, म्हटलं चष्मा विसरलोय. त्यानं कॉफी मोजता मोजता सगळे प्रश्न वाचून दाखवले. चौकटींवर काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नाही, मी विचारलं नाही. चौकटी मला पाठ होत्या.

वस्तीत आम्ही तिघं गेलो, मी आणि दोन नव्या पोरी. जास्त घरं माझी, कारण मी सीनियर.

मुनियम्मा माझ्या पाचव्या घरातली. साठीची बाई, दारात बसून अबोलीचे गजरे करायची आणि पहाटेच्या बसनं टोपली घेऊन शहरातल्या देवळापुढं विकायला जायची. तिला पहिले दहा प्रश्न विचारले, दहाही वेळा म्हणाली, "गोत्तिल्ल." म्हणजे माहीत नाही. आमच्या धंद्यात ही मधली चौकट फार भरली की साहेब चिडायचे. मी म्हटलं, "अक्का, स्वल्प विचार करून सांगा की. इतकं वय झालं, एक तरी मत असेल."

ती म्हणाली, "आहे की. तू फार बोलतोस."

मग मी वाटेचं विचारलं. तिनं हातातला दोरा खाली ठेवला. "भिंत घातली तर मला तलावाला वळसा घालून जावं लागेल. डोक्यावर टोपली, गुडघे हे असे. बस जाईल, फुलं सुकतील. लिही, खूप. दोनदा लिही."

मी दोनदा लिहिल्यासारखी जाड खूण केली. डावीकडची पहिली चौकट.

जवळजवळ प्रत्येक घरानं तेच सांगितलं. मी व्हॅनमध्ये बसताना पोरींना म्हटलं, "बघा, आता कंपनीची काय बिशाद आहे."

महिन्याभरानं साहेबांना घेऊन कुठंतरी जाताना त्याच रस्त्यानं गेलो. साहेबांना पुढं सोडलं आणि माघारी येताना बघतो तर पायवाटेवर पाया खणलेला, अर्धी भिंत उभी. बस स्टॉपवर मुनियम्मा, टोपली खाली ठेवून, तोंडाला फडकं लावून धापा टाकत होती. दुपार झाली होती. फुलं न विकता तशीच पडून होती. मला बघून ती ओरडली नाही. म्हणाली, "ये अण्णा. तू विचारून गेलास ना? मी काय सांगितलं होतं तुला?"

"खूप."

"मग?"

मी तसाच गेटकडे गेलो. कंपनीच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्याच लोकांनी रिपोर्ट दिला की. वस्तीला काही त्रास नाही म्हणून. गावाचं फार प्रेम आहे म्हणे कंपनीवर."

ऑफिसात एक कोरा फॉर्म उरला होता. तो घेऊन मी नलिनीताईंकडे गेलो. म्हटलं, "ताई, प्रश्न नको. चौकटींवर काय लिहिलंय तेवढं वाचा."

त्यांनी वाचलं. परत एकदा बोट ठेवून वाचलं. "गणपतराव, डावीकडं लिहिलंय अजिबात नाही. आणि उजवीकडं शेवटी, खूप."

पुस्तक परत उलटं. मास्तर असते तर म्हणाले असते, मला वाटलंच.

मी व्हॅनच्या पायरीवर बसलो. खरं सांगतो, पहिला विचार मुनियम्माचा नव्हता आला. आता मला 'राव' कोण म्हणणार, हा आला. हे लिहायला नको असं ताई म्हणतायत, मी म्हणतो लिहा. मग दुसरा विचार आला की ती बाई आता रोज तो तलावाचा वळसा कशी घालणार.

ताई म्हणाल्या, "मी येते साहेबांकडे. इतके दिवस मीच वाचून दाखवत होते."

मी म्हटलं, "नको. दोघांचं काम कशाला घालवायचं? मी एकटा पुरे आहे त्याला."

साहेब टेबलावर रिपोर्ट लावत होते. मी म्हटलं, "साहेब, मला वाचता येत नाही."

"मग चष्मा करून घ्या."

"चष्मा लावून पण येत नाही."

साहेब हसायला लागले. माझं सगळं बोलणं विनोदात जमा व्हायचं ना. हसत हसत त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते हसू कमी कमी होत गेलं. मी चौकटींचं सगळं सांगितलं. ते उठले, कपाटातून एक गठ्ठा काढला आणि टेबलावर टाकला.

"हे काय, माहितेय? त्या दोन पोरींचे फॉर्म. त्यांच्याकडं सगळ्यांनी सांगितलंय, खूप त्रास होईल. मला वाटलं, पोरी नवीन आहेत, घरी बसून भरले असतील; रिपोर्टाची घाई, तपासायला गेलोच नाही. गणपतरावांचे फॉर्म कधी चुकत नाहीत. म्हणून मी पोरींचे बाजूला काढले आणि तुमच्यावरून रिपोर्ट दिला."

त्या पोरींना त्यानंतर कामावर बोलावलंच नव्हतं. साहेबांनी त्यांनाही सांगितलं होतं, गणपतरावांसारखं काम करा. नाही केलं, ते बरोबर केलं त्यांनी.

साहेब खिडकीशी उभे राहिले. खाली कॉफी भाजत होते, वर दोघांचं तोंड कडू. शेवटी म्हणाले, "आपण सांगितलं तर ही संस्था बंद पडेल कदाचित. कोण काम देईल? आणि नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही."

मी म्हटलं, "साहेब, मला कळलंय ना. आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. वाचता येत नाही एवढीच राहिली होती, ती पण आज निघाली."

साहेबांनी गाडी काढायला सांगितली.

कंपनीचा मॅनेजर तरतरीत माणूस, कन्नड बोलणारा. साहेबांनी दोन्ही गठ्ठे पुढं ठेवून चूक सांगितली. माझं नाव घेतलं नाही, 'आमची चूक' म्हणाले. मॅनेजर म्हणाला, "आज म्हणता उलटं होतं. उद्या म्हणाल हेही उलटं. मी कशावर विश्वास ठेवू?"

मी दारात उभा होतो. बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते कधी सांगावं लागलंय मला? म्हटलं, "सार, कागद बाजूला ठेवा. मला कागद कळत नाही. मी सांगतो." आणि सुरू केलं. देवळापासून उजवा हात धरून पाचवं घर, मुनियम्मा, फुलांची टोपली, गुडघे, तलावाचा वळसा, म्हणाली दोनदा लिही. पुढचं पाचवं, न्हाव्याचं, त्याचं दुकान रस्त्यापलीकडं, म्हणाला गिऱ्हाईक वळसा घालून दाढी करायला येणार का. पुढचं, पोरगी पोटुशी होती, सरकारी दवाखान्याची बस त्याच स्टॉपवर. पुढचं, म्हातारा, त्याला वाटेचं काही नव्हतं, पण तो म्हणाला कंपनीनं विचारायला माणूस पाठवला हे चांगलं केलं, नाहीतर आम्हाला कोण विचारतं. घरामागून घर. कोण काय करत होतं, चुलीवर काय होतं, काय शब्द बोललं. सगळं पाठ होतं. ज्याला लिहून ठेवता येत नाही त्याला विसरून कसं चालेल?

पंधरा-वीस घरं झाली असतील. मॅनेजरनं हात वर केला. "सरी, सरी. पुरे." मग पेनाचं टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं परत सांगा."

मी परत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

भिंत पाडली नाही हो. कंपन्या भिंती पाडत नाहीत. पण वाटेच्या जागी भिंतीत एक छोटं दार ठेवलं, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत उघडं, वॉचमन बसवून. संस्थाही बंद पडली नाही. साहेबांनी त्या दोन पोरींच्या घरी जाऊन माफी मागितली. गाडी मीच चालवत होतो. एक परत आली. दुसरीनं दारातूनच सांगितलं की तिला आता दुसरीकडं काम आहे. तिनं मला पाणी पण विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं. तेवढं एक अजून मनाला लागतं.

माझे फॉर्म बंद झाले, मी पुन्हा स्टिअरिंगवर. मात्र साहेब 'राव' म्हणत राहिले. दुसरं म्हणजे त्यांनी नियम केला की नवा फॉर्म आला की व्हॅनमध्ये सगळ्यांनी मोठ्यानं वाचायचा, चौकटींसकट. का, ते कुणाला सांगितलं नाही. नलिनीताईंनी पुढं मला शिकवायचा फार प्रयत्न केला. आज मला दोनच शब्द वाचता येतात, 'खूप' आणि 'अजिबात'. इतर शब्दांवाचून माझं अडलेलं नाही.

दार झाल्यावर काही दिवसांनी मी तिथं गेलो होतो. मुनियम्मा आली. दार इतकं अरुंद की तिला डोक्यावरची टोपली उतरवून, आडवी धरून, स्वतः पण आडवं होऊन निघावं लागलं. पलीकडं गेल्यावर टोपली परत डोक्यावर घेतली, गजरे सारखे केले आणि मागं वळून माझ्याकडं असं बघितलं, जसं काही दार मीच मापलंय.

मी म्हटलं, "अक्का, कंपनीनं नाही पाठवलं. मीच विचारतोय. आता त्रास होतो का?"

तिनं दाराकडं बघितलं, टोपली सावरली. बस वळणावर दिसत होती.

"थोडा," म्हणाली, आणि चालायला लागली.

म्हणजे दुसरी चौकट. कुठल्या बाजूनं दुसरी, ते मात्र नलिनीताईंना विचारा.